लेकरासाठी शाळा पाहायला जाऊन राहिले ना, मग एवढं लक्षात असू द्या

मार्च लागला की आमच्याकडं गावागावात पांपलेटं यायला लागतात. तालुक्याच्या शाळेतले सर लोकं उन्हातान्हात गाडीवर फिरतात, व्हॅन दारापर्यंत येईल म्हणतात, ड्रेस-पुस्तकं आम्हीच देऊ म्हणतात, अन् मग घरोघरी तोच विषय, पोराले औंदा कुठं टाकायचं. मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, आणि माझी स्वतःची लेकरं पण शाळेत जातात, म्हणून शाळा पाहायला आलेले आईबाप मी टेबलामागून पण पाहिले आणि त्यांच्यासोबत बाकावर बसून पण पाहिले. त्यातून जे समजलं ते इथं लिहून राहिलो.

आपल्या गावाकडच्या माणसाचं शाळेत गेल्यावर दोनपैकी एक होते. एक तर तो ऑफिसच्या बाहेर हात जोडून उभा राहतो, सर म्हणतील तिथं सही करतो अन् घरी येतो, विचारायचं ते सगळं पोटातच राहते. नाहीतर मग कोण्या मेंबरला, कोण्या दादाला सोबत घेऊन जातो की आपलं वजन पडलं पाहिजे. दोन्हीत नुकसान लेकराचंच आहे. शाळेचा मान ठेवायचा आणि आपलं विचारायचं ते सगळं विचारून यायचं, हे दोन्ही एकाच भेटीत जमते. त्यासाठी इंग्रजी लागत नाही, ओळख लागत नाही, थोडी रीत माहीत पाहिजे.

जायचं कधी

शाळा चालू असताना जा, हे सगळ्यात पहिलं. बहुतेक लोकं मे महिन्यात नाहीतर थेट जूनमध्ये जातात, तेव्हा शाळेत पोरंच नसतात, मग रिकाम्या वर्गाचा रंग पाहून परत येतात. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडं उघडते, अन् तेच दिवस पेरणीचे, पाऊस पडला की माणूस वावरात, मग शेजारच्यानं जिथं टाकलं तिथंच घाईघाईत नाव टाकून मोकळे होतात. त्यापेक्षा तूर-हरभरा निघाला की फेब्रुवारी-मार्चमध्ये मधात एक सकाळ काढा. उन्हाळ्यात सकाळची शाळा लागते तेव्हा लवकर गेलं तर ऊनही लागत नाही आणि शाळा रोज कशी चालते ते दिसते. शनिवारी शाळा अर्धी असते, कवायत-खेळ जास्त, त्यावरून अंदाज येत नाही. गॅदरिंगच्या दिवशी तर बिलकुल येत नाही.

आधी एक फोन करा. "सर, मी अमुक गावचा, मुलीचं पहिलीत नाव टाकायचं आहे, शाळा पाहायला कधी येऊ," एवढं पुरते. बाजाराच्या दिवशी तालुक्याला जायचंच आहे, त्यातच शाळा पण पाहून घेऊ, असं ठरवलं तरी चालते, पण तेव्हाही कळवून जा. गावाकडच्या कितीतरी शाळांत दोनच शिक्षक असतात, त्यातला एक तुमच्याशी बोलत बसला की दोन-तीन वर्गांची पोरं तेवढा वेळ बिनगुरुजीची राहतात. वेळ ठरवून गेलात तर गुरुजी पोरांना काही लिहायला देऊन निवांत बोलू शकतो, तुमचाच फायदा आहे. आणि शाळा चालू असताना येऊच नका असं कोणी म्हटलं तर नम्रपणे कारण विचारा. परीक्षा चालू आहे, तपासणी आहे, ही कारणं झाली. काहीच कारण सांगत नसतील तर ते लक्षात ठेवा, निर्णय घेताना कामी पडते.

सोबत कोण

आई, बाप आणि लेकरू. आईला घरी ठेवून बाप एकटाच जातो हे मी लय पाहिलं. दोघं आले तरी बोलतो बापच. मॅडम विचारतात पोरगी जेवायला किती वेळ लावते, अनोळखी माणसाजवळ बोलते का, बाथरूमला जायचं तर सांगते का, अन् उत्तर देऊन राहिला बाप, ज्याला यातलं अर्धं माहीत नाही, आई बाजूला उभी. भाऊ, तिला बोलू द्या. ती कमी शिकलेली असेल तरी लेकराचं सगळं तिलाच माहीत असते आणि शाळेला तेच पाहिजे असते. अजून एक, खुर्चीवर मॅडम बसल्या असतील तर "सर कुठी गेले?" असं विचारू नका. त्याच हेडमास्तर असू शकतात, नव्हे बऱ्याच ठिकाणी आहेत. शिक्षिका वयानं कितीही लहान असो, मॅडम म्हणा, पोरगी म्हणून "ए बाई" नको. लेकरू ऐकत असते अन् त्या मॅडमशी कसं बोलायचं ते तिथंच शिकते.

आजी-आजोबा यायचे म्हणत असतील तर जरूर आणा. आमच्या शाळेत एकदा एक आजोबा नातवाला घेऊन आले होते, धोतर-टोपीवाले. ऑफिसमध्ये यायच्या आधी ते सरळ पोरांच्या नळावर गेले, ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात घोळवून पिऊन पाहिलं, मग टाकीकडं वर पाहून मला म्हणे, "पानी चांगलं हाये गुरुजी, पन टाकी कधी धुतली होती?" मी तारीख सांगितली, टाकीवरच लिहिलेली होती. मग म्हणे झाकण हाये का, तर ते पण चढून दाखवलं. मला बिलकुल राग आला नाही, उलट बरं वाटलं की कोणीतरी नेमकं विचारलं. आवाज मऊ, प्रश्न पक्का. असंच विचारायचं असते.

पण पाच-सात जणांची वरात नको, आणि पुढारी तर नकोच. पुढारी सोबत असला की हेडमास्तर त्याच्याशीच बोलतो, चहा त्याच्यासाठी येतो, तुमचे प्रश्न तसेच राहतात, आणि वर्षभर तुमचं लेकरू "अमक्याच्या वशिल्याचं" म्हणून ओळखलं जाते. प्रवेश हा लेकराचा हक्क आहे, त्याला शिफारस कायले पाहिजे.

आणि हे स्पष्टच लिहितो, तोंडात खर्रा (सुपारी-तंबाखूचा) घेऊन शाळेत जाऊ नका. फाटकाजवळ थुंकून आत जाणं पण नको, पोरं पाहत असतात. शाळेपासून १०० यार्डाच्या आत, म्हणजे साधारण नव्वद मीटरच्या आत, तंबाखूचा माल विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि तरी फाटकासमोर पानठेला असेल तर त्याबद्दल तुम्ही शाळेला विचारू शकता. पण विचारणाऱ्याचे दात लाल असले तर कोण ऐकणार.

फाटकापासून ऑफिसपर्यंत

परिपाठ चालू असेल तर फाटकातच थांबा. राष्ट्रगीत चालू असताना गाडी बंद करून सावधान उभं राहा, लेकरालाही उभं करा, फोन सायलेंट करा. गाडी हॉर्न वाजवत मैदानातून नेऊ नका. चपराशी भेटला तर त्याला रामराम घाला, नाव-गाव सांगा, रजिस्टरवर लिहा म्हटलं तर लिहा. जिथं येणाऱ्याची चौकशी होते ती शाळा चांगली समजा, कारण उद्या दुसरा कोणी अनोळखी माणूस आला तर त्यालाही असंच थांबवतील.

ऑफिसमध्ये चप्पल बाहेर काढायची पद्धत असेल तर काढा, पण बसा म्हटलं की खुर्चीवर बसा. वावरातून थेट आलात अन् पायाला माती आहे, तरी बसा. भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली ती शेतकऱ्याच्या पोरानं शिकावं म्हणूनच, आणि ज्या वऱ्हाडात हे झालं तिथं शेतकऱ्यानं शाळेच्या ऑफिसात भिंतीला टेकून उभं राहायचं काहीच कारण नाही. काही भेटवस्तू, हुरडा, संत्र्याची पेटी वगैरे पहिल्या भेटीत नेऊ नका. प्रेमानंच नेता माहीत आहे, पण समोरच्याला संकोच होतो आणि मग तुम्हाला प्रश्न विचारता येत नाहीत.

प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्या. तो कागद काढून वाचायची लाज वाटू देऊ नका, मोठमोठे साहेब लोकं पण कागद पाहूनच बोलतात.

लेकराची परीक्षा होऊ देऊ नका

हा भाग नीट वाचा. ऑफिसमध्ये बसलं की कोणीतरी लेकराला विचारते, ए-बी-सी-डी म्हणून दाखव, तुझ्या बापाचं नाव इंग्रजीत सांग. लेकरू आईच्या पदरामागं लपते, आई त्याला पुढं ढकलते, "बोल न, घरी तर लय बोलते", बाप डोळे वटारतो. पाच-सहा वर्षांचं लेकरू ते, त्याला समजते की आपल्यामुळे आईबाबाची मान खाली गेली, अन् शाळेची पहिली आठवण तीच राहते.

शिक्षण हक्क कायद्यात, म्हणजे २००९ चा जो आरटीई कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला त्यात, कलम १३ आहे. प्रवेशासाठी लेकराची किंवा आईबापाची चाचणी-मुलाखत घेऊन निवड करायला त्यात मनाई आहे. पहिल्यांदा केलं तर २५ हजारांपर्यंत दंड, पुढं दरवेळी ५० हजारांपर्यंत. डोनेशनही त्याच कलमानं बंद, घेतलं तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड. (नवोदय, म्हणजे केंद्र सरकारची राहून शिकायची शाळा, तिची सहावीची परीक्षा वेगळी गोष्ट आहे, ती रीतसर निवड परीक्षाच आहे, आणि देशातली पहिली दोन नवोदय १९८५-८६ ला निघाली त्यातलं एक आपल्या अमरावती जिल्ह्यातलं, तिथं पोराला जरूर बसवा.)

म्हणून तिथं भांडायचं का? नाही. सर गप्पा मारायला विचारत असतील तर तेही चांगलंच, नाव काय, बकरी आहे का घरी, असं विचारणारा शिक्षक लेकराला ओळखू पाहतो. पण एबीसीडी सुरू झालं तर हसून एवढंच म्हणायचं, "सर, अजून लहान आहे, तुमच्याजवळच शिकेल." आणि लेकराच्या पाठीवर हात ठेवायचा. तेवढ्यानं बहुतेक ठिकाणी विषय संपतो. घरून निघतानाही त्याला "तिथं चांगलं बोलजो नाहीतर घेणार नाहीत" असं सांगून नेऊ नका, तुझी नवीन शाळा कशी आहे ते पाहायला चाललो एवढंच सांगा.

काय पाहायचं आणि कसं पाहायचं

वर्ग दाखवाल का, असं विचारा, मग दाखवतील तिकडं जा. शिकवणं चालू असेल तर दारातून पाहा, आत घुसू नका, पोरं "एकसाथ नमस्ते" करायला उभी राहिली की तास मोडतो. तुमचं लेकरू ज्या वर्गात बसणार तो वर्ग पाहायला मागा, कारण बरेचदा कॉम्प्युटरची खोली अन् नवीन इमारत दाखवतात आणि पहिलीचा वर्ग मागं पत्र्याखाली असतो. आपल्या एप्रिलमध्ये पत्र्याखाली काय होते ते तुम्हाला सांगायची गरज नाही. पंखा चालू आहे का, लाइट गेली तर काय करतात, विचारा.

दुसऱ्याच्या लेकराला प्रश्न विचारून शाळा तपासू नका. "सतराचा पाढा म्हण" हे तुमचं काम नाही, तुम्ही केंद्रप्रमुख नाही. पोरं आपणहून बोलली तर बोला, नाव विचारा, खेळायला काय आवडते विचारा. त्यांचे फोटो-व्हिडिओ काढू नका, स्टेटसवर तर मुळीच टाकू नका. इमारतीचा फोटो पाहिजे असला तरी विचारून काढा. भिंतीवर लावलेली चित्रं मात्र जवळून पाहा, सगळी एकसारखी मॅडमनं काढलेली दिसतात की वाकडीतिकडी, पोरांच्या हातची दिसतात. वाकडीतिकडी असतील तर मला आनंद होतो.

संडास पाहायचा. मुलींचा वेगळा आहे का, दाराला आतून कडी आहे का, पाणी आहे का, आणि कुलूप कोणाजवळ असते. बापानं मुलींच्या संडासाकडं जाऊ नये, आईनं मॅडमला विचारून पाहून यावं. हे विचारायला लोकांना लाज वाटते आणि मग पोरगी दिवसभर पाणी पीत नाही, पुढं पाचवी-सहावीत गेली की शाळाच नको म्हणते. दिव्यांग लेकरू असेल तर रॅम्प कुठं आहे ते स्वतः चालवून पाहा.

सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर आठवीपर्यंत पोषण आहार असतो. खिचडीच्या वेळेला असलात तर विचारून चव घ्या, चवीचं रजिस्टर असते ते मागून पाहा. खिचडी शिजवणाऱ्या ताईला "चांगली केली" म्हणा, चुलीजवळ उभी असते बिचारी. तिला विचारलं तर पोरं किती खातात, काय टाकून देतात, हे हेडमास्तरपेक्षा नीट सांगते.

विचारायचं काय

आपण बियाण्याचं पाकीट घेताना लॉट नंबर पाहतो, पक्कं बिल मागतो, बोगस निघालं तर हंगाम जातो म्हणून. शाळेचाही नंबर असतो, यूडायस कोड, ११ आकडी, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो. तो विचारा, लिहून घ्या, आणि घरी येऊन यूडायसच्या वेबसाइटवर टाकून पाहा, शाळा कितवीपर्यंत आहे, शिक्षक किती, सगळं दिसते. सर्व मान्यता असलेली शाळा हा नंबर हसत देते. नुसती "सीबीएसई पॅटर्न" अशी पाटी असेल तर सरळ विचारा की बोर्डाची संलग्नता आहे का, क्रमांक काय, आणि दहावीला पोरगं कोणत्या बोर्डाची परीक्षा देईल. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. विचारताना "फसवता काय" अशा सुरात नको, "आम्हाला यातलं जास्त समजत नाही, जरा सांगा" असं म्हटलं की माणूस नीट सांगतो.

पहिली ते पाचवीला ३० पोरांमागं एक शिक्षक आणि ६० पर्यंत पोरं असली तर दोन शिक्षक, सहावी ते आठवीला ३५ मागं एक, असं शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात आहे. पण आकड्यापेक्षा हे विचारा की पहिलीला शिकवणारं कोण आहे आणि ते किती वर्षांपासून आहे. काही शाळांत दर दिवाळीला मॅडम बदलतात. लहान लेकरू मॅडमला धरून शिकते, मॅडम गेली की त्याचं सगळं पुन्हा पहिल्यापासून.

सेमी इंग्रजी म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, ते कोणत्या वर्गापासून आणि कोण शिकवते ते विचारा. "पोरं इंग्रजी बोलतात का" हा प्रश्न कामाचा नाही, दोन वाक्यं पाठ करून कोणीही बोलते. एखादी वही पाहायला मागा, परवानगीनं, तपासलेली आहे का, चुका कशा दुरुस्त केल्या आहेत, लाल फुल्याच आहेत की बाजूला बरोबर लिहून दिलं आहे. आमच्यासारख्या मास्तरची खरी परीक्षा त्या वहीतच होते.

मारतात का, हे पण विचारा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही बंद आहेत. आणि इथं आपल्या लोकांना हात जोडून सांगतो, "चांगला झोडा सर, हाडं आमची मांस तुमचं" असं शाळेत जाऊन म्हणू नका. ते लेकरू तिथंच उभं असते. त्यापुढं त्याला कोणी मारलं तर ते घरी येऊन सांगणार कोणाला? तक्रारपेटी कुठं आहे, लेकरांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत सखी सावित्री समिती असते तिच्यात कोण कोण आहे, हे विचारून ठेवा.

आणि दुसऱ्या शाळेची निंदा करू नका. त्या शाळेत असं आहे, तुमच्यात तसं नाही, हा सूर लावला की समोरचा माणूस फक्त बचाव करत बसतो, माहिती देत नाही. कोणी शिक्षक स्वतःच दुसऱ्या शाळेला नावं ठेवत असेल तर ऐकून घ्या अन् पुढच्या प्रश्नावर जा.

पैशाचं बोलणं

फीचं बोलणं वर्गशिक्षिकेजवळ नको, तिच्या हातात काहीच नसते. ऑफिसात, हेडमास्तर किंवा बाबूजवळ. आणि पूर्ण विचारा, नुसती "फी किती" नाही तर वर्षभरात एकूण किती जाईल, व्हॅन, ड्रेस, बूट, पुस्तकं, परीक्षा, गॅदरिंग धरून, आणि ते कागदावर मागा. खासगी शाळांच्या फीसाठी महाराष्ट्रात २०११ चा कायदा आहे, पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीतून फी मंजूर व्हावी लागते आणि ती नोटीस बोर्डावर लावावी लागते. बोर्ड वाचा.

आपली खरी अडचण वेगळीच आहे. शाळा पैसे मागते जूनमध्ये आणि जूनमध्ये शेतकऱ्याच्या घरात पैसा नसते, सगळा बियाण्या-खतात गेलेला असते. सोयाबीन दिवाळीच्या मागंपुढं येते, कापसाचा पैसा त्याच्याही नंतर. हे लपवू नका, पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगा, "सर, आमचा पैसा दिवाळीनंतर येते, जूनमध्ये इतके देतो, बाकी नोव्हेंबर अन् जानेवारीत, चालेल का?" हे मागणं भीक नाही, व्यवहार आहे. चालेल म्हटलं तर तारखा लिहून घ्या अन् मग त्या पाळा, उशीर होणार असेल तर आधीच फोन करा. न सांगता तोंड चुकवलं की ऑफिसवाले लेकराला वर्गात उभं करतात, तसं करू नये हे खरं, पण होते. उशीर झाला तर पोराला वर्गात बोलू नका, मला फोन करा, हेही आधीच सांगून ठेवा.

खासगी शाळेत गरीब-वंचित घरच्या लेकरांसाठी राखलेल्या २५ टक्के कोट्यातून, म्हणजे आरटीईच्या लॉटरीतून नंबर लागला असेल तर ऑफिसमध्ये चोरट्यासारखं बसू नका. त्या लेकराच्या फीचे पैसे शासन शाळेला देते. ते लेकरू कोणाच्या उपकारावर तिथं आलेलं नाही, त्याला वेगळं बसवत नाहीत ना एवढं विचारा.

व्हॅन

व्हॅन पाहिल्याशिवाय शाळा पाहिली असं समजू नका, कारण लेकरू रोज त्यात तासभर राहणार. शाळा सुटायच्या वेळेला फाटकाबाहेर थांबा आणि व्हॅन भरताना पाहा. किती पोरं कोंबली, ड्रायव्हरच्या मांडीजवळ कोणी बसलं का, दार नीट लागते का, गॅसवरची गाडी आहे का. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ चे नियम आहेत, पिवळा रंग, वेग आवरणारं यंत्र, मदतनीस, मुली असतील तर बाई मदतनीस, आणि शाळेत परिवहन समिती, तिचे अध्यक्ष मुख्याध्यापक. समितीत पालक कोण आहे ते विचारा अन् त्याचा नंबर घ्या. ड्रायव्हरशीही बोला, दादा म्हणून, त्याचं नाव लेकराला सांगा. पावसाळ्यात नाल्याला पूर आला तर व्हॅन कुठं थांबते, कोण निर्णय घेते, आपल्याकडं हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मुलगी मोठी असेल तर मुलींना शाळेत न्यायला असते ती मानव विकासची निळी एसटी तुमच्या गावावरून जाते का अन् शाळेच्या वेळेला जुळते का तेही पाहा.

लेकराबद्दल खरं सांगा

तुम्ही शाळेला विचारता तसं शाळेलाही तुमच्याकडून खरं समजलं पाहिजे. सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून लेकरात येणारा रक्ताचा आजार, असेल तर सांगा. आपल्या गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळकडं कितीतरी घरांत तो आजार आहे आणि आईबाप लपवतात, पोरीच्या लग्नाची काळजी म्हणून. पण शाळेला माहीत नसेल तर पीटीच्या सरांना काय माहीत, ते उन्हात पळवतात, पाणी प्यायला उठलं तर खाली बसवतात, अन् मग अंगदुखी उठते. मॅडमला बाजूला घेऊन सांगा की हिला घडीघडी पाणी लागते, लघवीला जाऊ द्या, थकली तर बसू द्या, सांधे दुखते म्हटली तर नाटक समजू नका, मला लगेच फोन करा. वर्गात सगळ्यांसमोर सांगू नका म्हणून विनंतीही करा.

घरी कोरकू, गोंडी, कोलामी, गोरमाटी बोलत असाल तर तेही सांगा, अभिमानानं. लेकरू गप्प बसते ते मठ्ठ म्हणून नव्हे, त्याला मराठीच नवीन आहे, हे शिक्षकाला पहिल्या दिवशी समजलं तर त्याचं पूर्ण वर्ष वाचते. बाप वारला असेल, आई माहेरी राहत असेल, आजोळी शिकायला ठेवलं असेल, तेही दोन वाक्यांत सांगून ठेवा, म्हणजे उद्या "तुझ्या पप्पाची सही आण" असं कोणी म्हणणार नाही.

आणि जात. फॉर्मवर लिहावी लागते, ती कागद दाखवून लिहा, सगळ्यांसमोर कोणी मोठ्यानं विचारलं तर दाखला पुढं करा, बस. पण आपणही शाळेत जाऊन "इथं कोण्या समाजाची पोरं जास्त आहे" हे विचारू नका. हा प्रश्न मी स्वतःच्या कानानं ऐकला आहे आणि त्याच बाकावर दुसऱ्या समाजाची आई लेकरू घेऊन बसली होती, तिनं खाली पाहिलं. असं कोणालाही खाली पाहायला लावू नका, लेकरं एका ताटलीत खातात, खाऊ द्या.

निघताना आणि नंतर

अर्धा-पाऊण तासात उठा. तिथल्या तिथं "पैसे भरून टाका, सीट भरून राहिल्या" अशी घाई कोणी केली तर "घरी विचार करून दोन दिवसात सांगतो" म्हणा, आणि खरंच दोन दिवसात सांगा. नाही टाकायचं ठरलं तरी फोन करून सांगा, त्यांनी वेळ दिला होता. घरी जाताना लेकराला विचारा, तुला काय दिसलं तिथं. पोरं भलतंच सांगतात, झाडाखाली खार होती, एक पोरगा रडत होता अन् मॅडमनं त्याला जवळ घेतलं. ऐका.

गावातल्या शाळेतून नाव काढायचं ठरलं असेल तर आधी गावच्या गुरुजीला जाऊन भेटा. शाळा सोडल्याच्या दाखल्याची मागणी नुसती ऑनलाइन येऊन पडते तेव्हा वाईट वाटते, एक पोरगं गेलं की पट खाली येतो, पट गेला की शिक्षकाचं पद जाते, आणि मागं राहतात ती ज्यांना व्हॅनचे पैसे परवडत नाही ती पोरं. जायचं तर जा, पण कारण सांगून जा, म्हणजे आम्हाला सुधारता येते. गुरुजीनं दाखला अडवू नये, आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेत तर दाखल्याला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही, हे दोन्हीकडच्यांनी लक्षात ठेवावं.

दाखला हातात पडला की घरी नेऊन पेटीत ठेवू नका. तिथंच बसून वाचा, लेकराचं नाव, आईचं नाव, आडनावाची वेलांटी, जन्मतारीख आकड्यात अन् अक्षरात, जात, आणि आधारवर जसं आहे तसंच आहे का. चूक दिसली तर त्याच दिवशी दाखलखारिज रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या पोरांची नोंद असते ते, उघडायला सांगा, जन्माचा दाखला पुढं ठेवा आणि दुरुस्ती कशी करायची ते विचारा, कारण हीच चूक दहावीच्या सनदेवर गेली की मग तालुका अन् जिल्ह्याच्या ऑफिसचे खेटे घालत बसावं लागते.